माझ्याच सुतकाची आंघोळ

हसणार नाही असं आधी कबूल करा, तरच सांगतो. आमच्या गावात हा किस्सा सांगायची मला गरजच उरलेली नाही, लोक माझं तोंड बघूनच हसतात. पण तुम्ही बाहेरचे. तुम्हाला माझ्या तोंडून कळलेलं बरं. शंभू नाईकाच्या तोंडून ऐकलंत तर तो मला स्मशानापर्यंत पोचवून येईल!

तर काय झालं, मी एकदा मेलो. कॉम्प्युटरमुळे.

मी दिनकर परब. पेडण्याच्या बाजारात माझा कॉम्प्युटरचा क्लास, म्हणून गावात मी दिनूमास्तर. आता ज्याचा क्लास आहे त्याला सगळं येतं, असं गाव समजतं. गाव समजतं ते एक ठीक आहे हो, पण मीही तसंच समजत होतो, तिथे घात झाला.

आमच्या देवळाच्या कमिटीने दारावर दिव्यांचा सरकता बोर्ड बसवला. लाल अक्षरं पळतात ना, तो. आरतीची वेळ, महाप्रसाद, गावात कोण वारलं, सगळं त्यावर. तो चालवायला देवळाच्या ऑफिसात कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटरवर लिनक्स. ती कल्पना माझी. फुकट मिळतं, व्हायरस लागत नाही, असं मी मीटिंगमध्ये ठणकावून सांगितलं होतं. त्यातलं एक अक्षर कुणाला कळलं नाही. फुकट एवढं कळलं.

आणि एक ठरावही माझाच. त्याचं असं झालं, गावातल्या एका घराण्याचा कोणी मुंबईला वारला, त्यांनी कुणाला कळवलं नाही, आणि सुतकातच देवळात मिरवले. केवढा गहजब झाला! तेव्हा मी मीटिंगमध्ये उठून उभा राहिलो. म्हटलं, यापुढे सुतकाची बातमी बोर्डावर आली की ती अधिकृत. बोर्डावर आलं की सुतक लागलं, बोर्डाने रद्द केलं तरच सुटलं. उगाच गावभर कुजबूज नको! टाळ्या पडल्या. शंभू नाईकाने अनुमोदन दिलं.

हा शंभू लक्षात ठेवा. आमच्या देवाच्या पालखीला पहिला खांदा परबांचा, दुसरा नाईकांचा. हा मान पिढ्यान्‌पिढ्यांचा. परबांना सुतक असेल तर पहिला खांदा नाईकांकडे जातो. आणि मान एकदा गेला की परत येताना फार लंगडतो, हे तुम्हाला सांगायला नको. आमचा पहिला खांदा बाबीकाकांचा. माझे सख्खे चुलते, ऐंशी उलटलेले. त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की यंदाची जत्रा शेवटची, यानंतर खांदा पुढच्या पिढीला देणार. जत्रेच्या दिवशी सकाळपासूनच धुतलेलं धोतर नेसून देवळाच्या सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, बसले होते.

जत्रेच्या त्या सकाळी मी ऑफिसात बोर्डाची चाचणी घेत होतो. अडचण जोडाक्षरांची. 'स्वागत' बरोबर यायचं, पण मोठी जोडाक्षरं फुटायची. म्हटलं, सगळ्यात अवघड शब्द घालून बघू. तो जमला की सगळे जमले. मराठीत सगळ्यात अवघड शब्द कोणता? तुम्हीच सांगा.

श्रद्धांजली!

आता श्रद्धांजली म्हटली की पुढे नाव हवं. दुसऱ्याचं कसं घालणार? अपशकुन. मी पडलो आधुनिक विचारांचा. घातलं स्वतःचं. 'कै. दिनकर परब यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' आणि काय सांगू, काय सुंदर उमटलं! एक काना इकडचा तिकडे नाही. बाहेर रस्त्यावर जाऊन, कमरेवर हात ठेवून, मी माझ्याच श्रद्धांजलीकडे कौतुकाने बघत राहिलो.

तेव्हाच ते पुसून टाकलं असतं तर आज हा चहा प्यायला तुम्ही माझ्यासमोर बसला नसता. पण मला सुचली सुरक्षा.

कारण आदल्याच आठवड्यात कुणीतरी ऑफिसात शिरून बोर्डावर 'शंभूची म्हैस सुटली आहे, सावध राहा' असं सोडलं होतं. शंभूकडे म्हैस नाही. लोकांनी वेगळाच अर्थ लावला, शंभूची बायको माहेरी जायला निघाली. म्हणून मी ठरवलं, बोर्डाला फक्त अ‍ॅडमिनचा हात लागायला हवा.

लिनक्समध्ये सगळ्यात मोठा मालक असतो, रूट म्हणतात त्याला. तो काहीही करू शकतो. त्याचं लॉगिन बंद ठेवलेलं बरं असं मी कुठेतरी वाचलं होतं. केलं बंद. आपण अ‍ॅडमिनच्या गटात आहोतच की! मग 'बोर्ड' नावाचा नवा गट काढला आणि त्यात माझं खातं घातलं. आता ही जी आज्ञा असते ना, तिच्यात एक बारीकसं अक्षर घालावं लागतं. ते घातलं तर तुम्ही नव्या गटात जाता आणि जुन्यातही राहता. नाही घातलं तर नव्यात जाता, आणि बाकी सगळ्या गटांतून तुमची हकालपट्टी.

मी काय केलं असेल?

बाहेर पडून पुन्हा लॉगिन केलं. बोर्डाचा मजकूर पुसायला गेलो. कॉम्प्युटर म्हणतो, तुम्हाला हा अधिकार नाही, या प्रकाराची तक्रार करण्यात येईल. तक्रार कुणाकडे? रूटकडे. रूट कुठे? त्याला मीच कोंडलेला! म्हणजे बघा, पुढच्या दाराला आतून अडसर घातला, मागच्या दाराने बाहेर आलो, कुलूप लावलं, आणि चावी आत चुलीपाशी. त्या नव्या बोर्ड गटाला हक्क द्यायचे तेवढे राहिले होते, आणि हक्क देणारा मी उरलो नव्हतो.

बाहेर लाल अक्षरं पळतच होती. समोरून म्हापश्याची बस गेली. भरलेली.

थोड्या वेळाने बायकोचा फोन.

"अवो, तुमी खय आसात?"

"देवळात. का?"

"नाय, तुमी गेल्यात म्हणान लोक इलेत. सोप्यार बसलेत. चाय करू काय नको?"

"कर की चहा!"

"मेल्याच्या घरात चूल पेटवूची नसता, असा शेजारीण म्हणता. खतखत्याच्या भाजयेचो तोप चुलीर आसा. विझवू काय रवांदे?"

"सुनंदा, मी जिवंत आहे! तुझ्याशी बोलतोय!"

"माका कळता ओ. तेंका कसा सांगू? ती रडतत. मधीच थांबवूक बरां दिसना."

फोन ठेवतो तोच दारात शंभू नाईक. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतलेली. माझ्याकडे बघितलं, खालपासून वर बघितलं, आणि म्हणाला, "वायट झाला."

"शंभू, मी उभा आहे तुझ्यासमोर."

"ता माका दिसता. पण बोर्डार इलां."

"चुकून आलंय!"

"देवळाच्या बोर्डार चुकान येता? मगे आरतीची वेळ खरी कशी धरूची? ठराव तुजो, मास्तर. अनुमोदन माजा. बोर्डार इलां म्हणजे सुतक लागला. आज पालखी परबांका शिवाक मिळूची नाय."

"अरे पण मी मेलो असतो तर..."

"तर आमी काय नाचलो असतो? माका पण दुख आसा. पण पयलो खांदो आमी धरतलव."

दुःख त्याच्या तोंडावर कुठे दिसेना. खांदा मात्र तो आत्तापासूनच चोळत होता.

आता मला खरा घाम फुटला. माझं काय हो, मी मेलो काय आणि जगलो काय. पण सोप्यावर बाबीकाका बसले होते. त्यांच्यापर्यंत बातमी गेली तेव्हा त्यांनी मला बोलावलं नाही, ओरडले नाहीत. नुसतं धोतराचं टोक हातात धरून बसून राहिले. ते बघून मला आतून फार वाईट वाटलं. शेवटचा खांदा माझ्या एका अक्षरापायी जाणार!

म्हटलं, आधी ती अक्षरं बंद करू. बोर्डाची पिनच काढली. झालं! रस्त्यावरचे लोक म्हणाले, "बोर्ड सुद्धा बंद ठेवलो. म्हणजे गेलोच मास्तर." पिन परत घातली, तर श्रद्धांजली पुन्हा पळायला तयार. मग कुणीतरी म्हणालं, कापड टाका. देवळात कापड कुठलं मिळणार? पांढरं धोतर! ते बोर्डावर पसरलं. आतून लाल अक्षरं, वरून पांढरं कापड, आणि खाली माझं नाव. एका म्हातारीने येऊन त्याला फूल वाहिलं.

शेवटी लताला फोन लावला. लता माझी जुनी विद्यार्थिनी, आता डिचोलीला एका कंपनीत हीच कामं बघते.

"सर? तुमी? माका आताच गावच्या ग्रुपार..."

"लता, ते जाऊ दे. मी रूट बंद केला आणि स्वतःला अ‍ॅडमिनमधून काढलं."

पलीकडे तिच्या हातातून काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. माझ्या मरणाच्या बातमीने तिला एवढा धक्का बसला नसावा.

"सर, आमका तुमीच शिकयलेला. एक बंद करताना दुसरा उघडा ठेवूचा म्हणान."

"हो गं बाई, मीच शिकवलं. आता काय करू?"

"बंद करून चालू करा. दुरुस्तीची वाट आसता, तेतूर जावा."

ऑफिसच्या जनेलातून तोपर्यंत अर्धी जत्रा आत डोकावत होती. एकीकडे देवापुढची गाऱ्हाणी, दुसरीकडे ढोल, आणि मध्ये मी. दुरुस्तीच्या वाटेने गेलो. काळ्या पडद्यावर ओळ आली. रूट खातं बंद असल्यामुळे आत येता येणार नाही, पुढे जाण्यासाठी एन्टर दाबा. दाबलं. पुन्हा तीच ओळ. पुन्हा दाबलं. पुन्हा तीच. सरकारी कचेरीतसुद्धा मधे जेवणाची सुट्टी असते हो!

नेहमीच्या वाटेने परत आलो, म्हटलं निदान रूटचा जुना पासवर्ड घालून बघू. आता तिथे पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही. चांदणी नाही, टिंब नाही. जनेलातून आवाज आला, "अरे, उमटना मरे कायच!"

शंभू म्हणाला, "उमटतला कसा? मेलेल्या माणसान बटणां दाबली तर उमटतत?"

आणि खरं सांगतो, क्षणभर मी माझी बोटं वर करून बघितली.

लताला परत फोन लावला तर रेंज गेली. जत्रेला एवढी माणसं आली की आमच्याकडे देव पावतो, पण रेंज मिळत नाही.

मी बाबीकाकांसमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "काका, चुकलं माझं."

काका म्हणाले, "ता बोर्ड बदलूचा कोणाच्या हातात?"

"अ‍ॅडमिनच्या."

"तो कोण?"

"मीच होतो."

"आनी तू मेलस."

"हो. म्हणजे नाही. म्हणजे बोर्डावर."

काका उठले. गुडघे धरत धरत उठले. "मगे कॉम्प्युटराच्या वर कोण आसा, तेका विचारया. गुरवांनू, प्रसाद लाया."

तुम्हाला प्रसाद माहीत नसेल तर सांगतो. आमच्याकडे अडलं की देवाला विचारायचं. गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लग्न, घर, विहीर, कोर्टाची केस, सगळं असंच ठरतं. पण लॉगिन पहिल्यांदाच!

गुरवाने पाकळ्या लावल्या, हात जोडले. "देवा म्हाराजा, ह्यो जो दिनकर परब तुज्या दारात उभो आसा, तो जिवंत आसात तर उजवी दी म्हाराजा."

मी हसत उभा. एवढा सोपा प्रश्न देवाला आजवर कुणी विचारला नसेल.

डावी पडली.

"अहो!" मी ओरडलो. "अहो मी इथे..."

"प्रसाद चालू आसताना बोलूचा नसता," गुरव म्हणाला.

शंभूने खांद्यावर पंच्याची घडी ठेवली. एव्हाना घरून देवळात येऊन बसलेल्या परबांच्या बायकांतून एक हुंदका आला. आणि कहर म्हणजे, तो माझ्या बायकोचा होता. नंतर विचारलं तर म्हणते, देवानेच सांगितल्यावर मी एकटी कशी कोरडी बसू?

पण बाबीकाका शांत. ऐंशी वर्षं देवळाच्या सोप्यावर काढलेला माणूस. म्हणाले, "बरां. देव म्हणता मेलो, तर मेलो. पण कधी मेलो, ता खय सांगलां?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"वरस उलटल्यार बातमी कळली तर सुतक नाय. नुसती आंगोळ केली काय झालां. शास्त्र आसा काय नाय, गुरवांनू?"

"आसा," गुरव म्हणाला.

"मगे तसा विचारा."

गुरवाने नव्या पाकळ्या लावल्या. "देवा म्हाराजा, ह्यो दिनकर मेलो तेका वरस उलटलां आसात तर उजवी दी."

हात अजून जोडलेले होते तोवर उजवी टपकन पडली.

"वरस?" शंभू किंचाळला. "गेल्या गणेशचवथीक माज्याकडे जेवलो तो! पातोळये मागान मागान खाल्ले!"

"जेवलो म्हणान जिवंत काय?" काका म्हणाले. "तुजी नदर. देवाच्या वर तुजो चष्मो?"

एक सांगतो, शंभू भांडकुदळ आहे, पण देवाच्या शब्दापुढे जात नाही. त्याने खांद्यावरची घडी काढली आणि म्हणाला, "न्हावा तर बेगीन. दिवो लागूक इलो."

आणि मग जे झालं ते अख्ख्या जत्रेने बघितलं. परबांचे सगळे बाप्ये, थोरले, धाकटे, सूटबूट घालून मुंबईहून आलेले, सगळे देवळाच्या तळीकडे धावत सुटले. धबाधब उड्या! मी काठावर उभा.

"तू कित्या रवलंस?" काका पाण्यातून ओरडले.

"मी पण? माझंच सुतक मी धरायचं?"

गुरवाने जरा विचार केला. शास्त्रात कुठे सापडेना. काका म्हणाले, "न्हालो तर काय झिजतलो? उडी घाल!"

घातली. स्वतःच्या मरणाची आंघोळ करून वर येणारा गोव्यात मी पहिलाच असेन.

तिन्हीसांजेला पालखी उठली. पहिला खांदा बाबीकाकांचा. धोतर ओलं, केसांतून पाणी गळतंय, पण मान ताठ. पालखी माझ्यासमोरून गेली तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि डोळा मिचकावला. मला रडूच आलं. ओल्या तोंडावर कुणाला कळलं नाही, तेवढं बरं.

पालखी दूर गेली, माणसं पांगली, आणि रेंज आली. लताने सांगितलं, कॉम्प्युटर सुरू होतानाच एक बटण दाबून धरा, जी ओळ दिसेल तिच्या शेवटाला एवढं जोडा. मी जोडलं. आणि काय आश्चर्य! ना पासवर्ड, ना लॉगिन, थेट मालकाच्या गादीवर. रूट उघडला, स्वतःला अ‍ॅडमिनमध्ये परत घातलं, ते बारीक अक्षर या वेळी न विसरता घातलं. बोर्ड पुसला आणि लिहिलं, 'दिनकर परब हयात आहेत. बातमी रद्द.' सगळ्या जोडाक्षरांसकट.

घरी गेलो तर बायकोने दार उघडलं. म्हणाली, "इल्यात? खतखतां लोकांनी संपयला. बिचारी दुखात होती."

नंतरच्या मीटिंगला विषय एकच. अ‍ॅडमिन कोण? मी उठून उभा राहिलो. म्हटलं, झालं गेलं विसरा, आता मला सगळं पक्कं कळलंय, माझ्याइतका अनुभव गावात कुणाला आहे? शंभू म्हणाला, ठराव नको, मतदान नको, उगाच वाद नको. देवालाच विचारू. मला पटलं. देवाने परबांची लाज राखली होती, मलाही टाकणार नाही.

सगळे उठून गाभाऱ्याशी गेलो. बाबीकाका माझ्या शेजारी. गुरवाने पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि सुरुवात केली, "देवा म्हाराजा, ह्या दिनकराक परत..."

एवढंच म्हणाला हो. प्रश्न पुरासुद्धा झाला नव्हता, आणि डावी पडली.